मुंबईत पोलिसांविरुद्धच्या तक्रारीची चौकशी पोलिसांबाहेरचं कुणी करतं का?

तुमचा प्रश्न मला असा समजला. चोरीच्या संशयावरून भावाला रात्रभर पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं, मारलं आणि सकाळी कसलाही कागद न करता सोडून दिलं. तुम्ही पोलीस उपायुक्तांकडे अर्ज केलात. आता पत्र आलंय की तक्रारीत तथ्य आढळलं नाही. यावर पोलीस खात्याबाहेरचं कुणी फेरतपासणी करू शकतं का, आणि पुढे गेलात तर भावाला त्रास होईल का, हे तुम्ही विचारलंय.

करू शकतं. पण बाहेरच्या दारात जाण्याआधी आतल्या चौकशीत नेमकं काय झालं हे कागदावर मिळवा. मी मुंबईतल्या फौजदारी न्यायालयांत वकिली करते आणि अशी प्रकरणं घेऊन लोक येतात तेव्हा बहुतेकांच्या हातात फक्त ते एक पानी पत्र असतं. ‘आपल्या तक्रार अर्जाची चौकशी केली असता त्यात तथ्य आढळून आले नाही, सबब अर्ज दफ्तरी दाखल करण्यात येत आहे.’ चौकशी कुणी केली, कुणाला विचारलं, काय पाहिलं, यातलं एक अक्षरही त्यात नसतं. माणूस ते पत्र वाचून खचतो आणि थांबतो. तुम्ही थांबला नाहीत, हे फार बरं केलंत.

अर्जाचा प्रवास कसा होतो ते सांगते. तुम्ही क्रॉफर्ड मार्केटला आयुक्तालयात अर्ज द्या किंवा परिमंडळाच्या उपायुक्तांकडे द्या, त्यावर ‘चौकशी करून अहवाल सादर करावा’ असा शेरा पडतो आणि तो खाली उतरू लागतो. उपायुक्तांकडून सहायक आयुक्तांकडे, तिथून वरिष्ठ निरीक्षकांकडे, आणि सिनियर तो आपल्याच ठाण्यातल्या एखाद्या उपनिरीक्षकाकडे देतात. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणारा माणूस चौकशी अधिकारी होतो. अहवाल त्याच पायऱ्यांनी वर चढतो आणि वरच्या प्रत्येक सहीला खालच्या सहीचा आधार असतो. वाईट हेतू नसतानाही हे असंच चालतं, कारण रचनाच तशी आहे. म्हणूनच ‘वर’ अर्ज करत राहण्याने फार थोड्यांचं भलं होतं. त्याच शिडीच्या आणखी वरच्या पायरीवर दिलेला अर्ज पुन्हा त्याच टेबलावर येतो.

आता जबाबाबद्दल. चौकशीच्या नावाखाली तुम्हाला किंवा भावाला ठाण्यात बोलावून जबाब घेतला असेल, तर त्याची शेवटची ओळ आठवून पाहा. माझ्याकडे पूर्व उपनगरातला एक डिलिव्हरीचं काम करणारा मुलगा आला होता. त्याच्या जबाबात पहिलं दीड पान अगदी नीट होतं. कधी उचललं, कुठे बसवलं, पट्ट्याने कोणी मारलं, सगळं होतं. आणि अगदी तळाशी, सहीच्या वर, एक वाक्य: ‘सदर बाबत आता माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.’ त्याला ते वाचून दाखवलंच नव्हतं. अहवालात त्या दीड पानाचा उल्लेख नव्हता, फक्त त्या एका वाक्याचा होता. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर आजच लेखी कळवा की ते वाक्य भावाने सांगितलेलं नाही. तारखेसह पोच घ्या. जितका उशीर, तितकं ते वाक्य पक्कं होत जातं.

तर पहिलं काम माहितीच्या अधिकारात अर्ज. ‘माझ्या तक्रारीचं काय झालं’ असं विचारू नका, त्याला पुन्हा तेच पत्र येईल. कागद मागा: चौकशी अहवालाची प्रत, घेतलेल्या सर्व जबाबांच्या प्रती, फाइलवरचे शेरे, चौकशी अधिकाऱ्याचं पद, त्या रात्रीच्या स्टेशन डायरीतल्या (ठाण्यातल्या घडामोडींच्या रोजच्या नोंदवहीतल्या) नोंदी. उत्तर द्यायला 30 दिवसांची मुदत आहे. ‘तपासात अडथळा येईल’ म्हणून नकार आला तर अपिलात सांगा की चौकशी तर बंद झाल्याचं तुम्हीच कळवलंय, मग अडथळा कशात? स्टेशन डायरी मागायचं कारण वेगळं आहे. कायद्याने माणूस एकतर अटकेत असतो किंवा मोकळा. ‘चौकशीसाठी बसवून ठेवलं’ अशी तिसरी अवस्था कायद्यात नाही. अटक असेल तर नातेवाइकांना कळवणं, वैद्यकीय तपासणी, 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणं हे सगळं आलं. 24 तासांचा नियम राज्यघटनेतच आहे, बाकीचे डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली घालून दिले आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतही त्यातलं बरंच आलं आहे. भाऊ रात्रभर आत होता आणि डायरीत त्याचं नावच नाही, तर ती कोरी जागाच तुमचा पुरावा.

याच सुमारास सीसीटीव्हीचा अर्ज टाका. हे काम सगळ्यांत घाईचं आहे. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये आदेश दिला की प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या अशा सगळ्या ठिकाणी आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे हवेत आणि चित्रण 18 महिने, तेवढी यंत्रणा नसेल तर किमान एक वर्ष, जपून ठेवायला हवं. त्या निकालाचा उल्लेख करून, तारीख आणि वेळ लिहून, ‘हे चित्रण जतन करावं’ असा अर्ज सिनियरना आणि उपायुक्तांना द्या. कॅमेरा बंद होता असं उत्तर येईल कदाचित. तेही लेखी घ्या. त्या रात्रीच नेमका बंद का होता, हा प्रश्न मग बाहेरच्या माणसाला विचारता येतो.

आता बाहेरच्या दारांकडे येते.

तुमच्या कामाचं मुख्य दार म्हणजे राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण. त्याचं मूळ प्रकाश सिंग खटल्यात आहे. उत्तर प्रदेश आणि आसामचे पोलीस महासंचालक राहिलेल्या प्रकाश सिंगांनी पोलीस सुधारणांसाठी 1996 साली याचिका केली आणि सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी सात निर्देश दिले. त्यातला एक असा की प्रत्येक राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण हवं आणि त्याच्या शिफारशी बंधनकारक हव्यात. महाराष्ट्राने 2014 साली पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून कलम 22 पी पासून पुढची कलमं घातली. आपल्याकडे जिल्ह्याऐवजी महसूल विभागाची पातळी आली. राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश असतात. कार्यालय मुंबईतच, कूपरेजला आहे.

कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा तसा प्रयत्न, प्रक्रिया न पाळता केलेली अटक किंवा स्थानबद्धता, भ्रष्टाचार, खंडणी, घर किंवा जमीन बळकावणं आणि अधिकाराचा गंभीर गैरवापर, इतक्या गोष्टी तिथे नेता येतात. पीडित व्यक्ती, तिच्या घरचे किंवा तिच्या वतीने कुणीही तक्रार करू शकतं. प्राधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. तुमच्या प्रकरणात ‘प्रक्रिया न पाळता स्थानबद्धता’ आणि ‘अधिकाराचा गैरवापर’ हे दोन्ही बसतं. हाड मोडलं असेल किंवा तसंच गंभीर काही असेल तर दुखापतीचा मुद्दा वेगळा उभा राहतो.

आणि इथे माझं तुम्हाला सगळ्यांत कळकळीचं सांगणं आहे. प्राधिकरणाकडे पहिल्या अर्जाची नक्कल पाठवू नका. दोन तक्रारी करा, एकाच अर्जात पण वेगवेगळ्या. पहिली त्या रात्रीबद्दल. दुसरी, तुमच्या तक्रारीचं जे केलं गेलं त्याबद्दल: चौकशी त्याच ठाण्यातल्या अधिकाऱ्याने केली, भावासाठी त्या रात्री ठाण्याबाहेर थांबलेल्या माणसाला विचारलंच नाही, रुग्णालयाचा केसपेपर मागवला नाही, चित्रण पाहिलं नाही, डायरीतली नोंद तपासली नाही, जबाबात न सांगितलेलं वाक्य घातलं. प्रत्येक मुद्द्याला माहिती अधिकारातून मिळालेला कागद जोडा, सोबत प्रतिज्ञापत्र. मारहाण झाली की नाही यावर दोन्ही बाजूंचे शब्द एकमेकांसमोर उभे राहतात. पण चित्रण पाहिलं की नाही याचं उत्तर फाइलीतच असतं, आणि न पाहता ‘तथ्य नाही’ लिहिलं असेल तर ते कुणालाही झाकता येत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये नेमकी याची सोय कायद्यातच आहे. पोलिसांनी तुमची तक्रार निकाली काढली आणि ती हाताळणी योग्य वाटली नाही, तर 28 दिवसांत फेरतपासणी मागता येते. ती स्थानिक पोलिसांवर देखरेख करणाऱ्या निर्वाचित यंत्रणेकडे किंवा गंभीर प्रकरणांत पोलीस वर्तनासाठीच्या स्वतंत्र कार्यालयाकडे जाते. त्या कार्यालयाचा प्रमुख कधीही पोलिसात नोकरी केलेला नसावा अशी कायद्याची अट आहे. तिथेही लोक समाधानी आहेत असं नाही, पण निदान प्रश्न सुटा केलेला आहे: घटना एक, तिची हाताळणी दुसरी. आपल्या प्राधिकरणाच्या सदस्यांत निवृत्त पोलीस अधिकारी आणि निवृत्त सनदी अधिकारी असतात, समाजातली एक मान्यवर व्यक्ती असते. अनुभवी माणसं हवीतच. पण फेरतपासणीचा स्वतंत्र हक्क आपल्याकडे लिहिलेला नाही, तो तक्रारदाराला स्वतःच्या अर्जातून उभा करावा लागतो. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

प्राधिकरणाच्या अहवालाचं पुढे काय होतं हेही समजून घ्या. अहवाल राज्य सरकारकडे जातो. त्यात शिस्तभंगाची कारवाई सुचवली असेल तर तो प्राथमिक चौकशीचा अहवाल समजून विभागीय कारवाई सुरू होते आणि दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) दिसत असेल तर गुन्हा नोंदवण्यासाठी पाठवला जातो. मात्र अपवादात्मक परिस्थितीत, कारणं लेखी देऊन, सरकार अहवाल नाकारू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने ‘बंधनकारक’ म्हटलं होतं, कायद्यात ही फट राहिली. तशी वेळ आली तर त्या लेखी कारणांनाच उच्च न्यायालयात आव्हान देता येतं.

स्वतंत्र डोळ्यांनी काय फरक पडतो, याचं मुंबईतलं मोठं उदाहरण लखनभैया चकमकीचं आहे. 11 नोव्हेंबर 2006 रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला वाशीतून त्याच्या मित्रासह उचललं आणि त्याच संध्याकाळी वर्सोव्यात चकमकीत मारला गेल्याचं जाहीर झालं. पोलिसांच्या कागदावर प्रकरण मिटलेलं होतं. पण त्याचा भाऊ वकील होता. भावाला उचलल्याचं कळताच, चकमकीची बातमी यायच्या आधीच, त्याने पोलीस अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले. त्या कागदांवर वेळ होती. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशाने दंडाधिकाऱ्यांनी चौकशी केली आणि 2008 साली ही हत्या असल्याचा निष्कर्ष दिला, 2009 मध्ये विशेष तपास पथक नेमलं गेलं. 2011 मध्ये मुख्य साक्षीदार साक्षीच्या आधीच बेपत्ता झाला आणि मृत सापडला. तरीही 2013 साली सत्र न्यायालयाने 13 पोलिसांसह 21 जणांना दोषी धरलं. तेव्हा सुटलेल्या अधिकाऱ्यालाही मार्च 2024 मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला आहे. तुमचं प्रकरण त्यामानाने लहान आहे, पण धडा तोच लागू पडतो. त्या भावाने सिद्ध काय केलं? फक्त एवढंच की अमुक वाजता मी तुम्हाला कळवलं होतं. म्हणून त्या रात्री तुम्ही 100 किंवा 112 वर फोन केला असेल, कुणाला व्हॉट्सअॅप पाठवला असेल, ठाण्याबाहेरून फोटो काढला असेल, तर फोन बदलू नका, काही पुसू नका.

वैद्यकीय कागदाचंही तसंच. भावाला पालिकेच्या रुग्णालयात नेलं असेल तर केसपेपरवर काय लिहिलंय ते पाहा. कॅज्युअल्टीत पोलीस हवालदार उभा असतो, रुग्ण घाबरतो आणि ‘पडलो’ म्हणतो. लिहिणारे डॉक्टरही घाईत असतात. तसं झालं असेल तर प्रतिज्ञापत्रात का तसं सांगितलं हे स्पष्ट लिहा. तळव्यावरचे, मांडीच्या मागच्या बाजूचे वळ पडल्यामुळे उमटत नाहीत. त्यांचे फोटो तारखेसह असतील तर तेच बोलतात.

बाकीची दारं थोडक्यात. राज्य मानवी हक्क आयोग भरपाईची शिफारस करू शकतो, पण घटनेपासून एक वर्ष उलटल्यावर त्याला चौकशी करता येत नाही. राज्य आयोगाकडे प्रकरण चालू असताना राष्ट्रीय आयोग तेच हाती घेत नाही, म्हणून एकाच मजकुराच्या प्रती दहा ठिकाणी पाठवू नका. पैसे मागितले असतील तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 क्रमांक आहे. आणि गुन्हाच नोंदवायचा असेल तर न्यायालय आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी निकालाने 2013 पासून पक्कं झालंय. नव्या संहितेत मोजक्या गुन्ह्यांत आधी प्राथमिक चौकशीची मुभा आहे, पण तीही 14 दिवसांत संपवायची. ठाण्याने नाही घेतला तर कलम 173(4) प्रमाणे उपायुक्तांना लेखी कळवा आणि मग प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे कलम 175 खाली अर्ज करा. तक्रार लोकसेवकाविरुद्ध असल्याने दंडाधिकारी आधी वरिष्ठांचा अहवाल मागवू शकतात आणि त्या पोलिसाचंही ऐकू शकतात.

इथे एक मुदत आहे जी लोकांना माहीत नसते आणि त्यात चांगली प्रकरणं बुडतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 161 प्रमाणे, कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर खटला किंवा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो, एरवी फौजदारी खटला सरकारच्या पूर्वमंजुरीने दोन वर्षांपर्यंत. कोठडीत मारणं हे कर्तव्य नव्हेच, असा युक्तिवाद आपण करतो आणि तो पटतोही, पण आधीच सहा महिन्यांच्या आत गेलं की तो वादच टळतो. आतल्या चौकशीची वाट बघण्यात तुमचे काही महिने गेलेच आहेत. तेव्हा माहिती अधिकाराचं उत्तर येईपर्यंत सगळं थांबवून ठेवू नका. प्राधिकरणाचा अर्ज आणि न्यायालयाची तयारी बरोबरीने चालू द्या, कागद नंतर जोडता येतात. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे अर्जदार, कोठडीतल्या व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतले सगळे मोफत वकिलाला पात्र आहेत.

राहिली भीती. तुमच्या प्रश्नातली ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. खोटं सांगणार नाही, दबाव येतो. बहुतेक वेळा धमकीच्या रूपात येत नाही. बीटचा हवालदार घरी येऊन ‘साहेबांनी चहाला बोलावलंय’ म्हणतो, किंवा वस्तीतला कुणी मध्यस्थ येतो आणि ‘मिटवून टाका’ सांगतो. भावाने एकट्याने ठाण्यात जायचं नाही. बोलावणं आलं तर लेखी नोटीस मागा आणि वकिलाला घेऊनच जा. घरी कोण, कधी, काय बोलून गेलं हे त्याच दिवशी वहीत लिहा आणि प्राधिकरणाला पूरक अर्जाने कळवा, कारण तक्रारदारावर दबाव आणणं हेही तुमच्या दुसऱ्या तक्रारीतच मोडतं. खोट्या गुन्ह्यात गोवण्याची चिन्हं दिसली तर अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार ठेवायला वकिलाला आधीच सांगा. आईवडिलांना आणि शेजारच्या एका विश्वासू माणसाला वकिलाचा नंबर देऊन ठेवा, रात्री भाऊ घरी आला नाही तर पहिला फोन कुणाला करायचा हे त्यांना माहीत हवं.

पत्रावरची तारीख आणि घटनेची तारीख कळवा, सहा महिन्यांतले किती दिवस हातात आहेत ते सांगते. ठाण्याचं किंवा अधिकाऱ्याचं नाव इथे लिहू नका.